गुणाजी घरतचे सहा सांधे

पेणजवळच्या जोह्यात श्रावण लागला की कोणाला मान वर करायला फुरसत नसते. घरटी एक गणपतीचा कारखाना. पडवीत मूर्ती, ओट्यावर मूर्ती, आणि खाटेखाली बघावं तर तिथं उंदीर वाळत ठेवलेले. अशा दिवसांत एखादा कारखानदार रंगलेल्या हातानं चहा पिता पिता सहज बोलून जातो, की पोरीचं पत्र आलंय, न्यायला या म्हणते, आता गणपती झाले की जाईन. तिथं गुणाजी घरत मोटर खोलून बसलेला असेल, तर त्या कारखानदाराची धडगत नसते.

गुणाजी हातातला पाना खाली ठेवतो. "आज जा," म्हणतो. "अकराच्या एसटीनं पेण गाठ. तू निघाल्याबिगर तुझ्या काम्प्रेसरला मी हात लावायचा नाय."

समोरचा हसण्यावारी न्यायला बघतो. मग गुणाजी खरोखरच हत्यारं पिशवीत भरू लागतो, आणि ऐन हंगामात रंगाचा फवारा बंद पडायची पाळी येते. गेल्या दोन वर्षांत त्यानं असे तिघे जण एसटीत बसवून दिले. एरवी हा माणूस इतका गरीब, की बाकड्यावर मांजर बसलेलं असेल तर स्वतः उभा राहील. त्याचं हे असं का झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कोणी त्याच्यावर रागावत नाही.

गुणाजीचा धंदा मोटर वाइंडिंगचा. जळलेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार मोजून वेढे घालत भरायची. पावसाळ्यात जोह्याची वीज कधी जीव गेल्यासारखी मंद तर कधी अंगावर येणारी. मग काम्प्रेसर जळतात, पंखे जळतात, आणि जो तो गुणाजीच्या नावानं ओरडतो. बायको कृष्णाबाई काविळीनं गेली तेव्हा मुलगी अनिता दहा वर्षांची होती. गावानं त्याला दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळ भंडावलं. त्यानं पोरीला दुकानात शेजारी बसवलं आणि तिच्या हातात तार दिली. पोर सांभाळायची दुसरी रीत त्याला माहीत नव्हती.

आगगाडी घरात आली ती हिरामणमुळं. हिरामण शेजारचा कारखानदार, चार वर्षं मस्कतला राहून आलेला. येताना त्यानं विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली होती, एक इंजिन आणि दोन डबे. त्याच्या घरच्या पोरांनी दोन दिवसांत तिचा निकाल लावला. ती मोडकी गाडी गुणाजीच्या दुकानात आली, आणि अंगठ्याएवढी मोटर त्यानं भिंग लावून पुन्हा भरली. पितळी पट्ट्यांचे रूळ केले, बांबूच्या चोयट्यांचे स्लीपर केले, आणि त्या वर्षी घरच्या गणपतीभोवती गाडी गोल गोल फिरू लागली. लोक देवाला घाईत हात जोडायचे आणि गाडीपुढं अर्धा अर्धा तास बसून राहायचे.

अनिताला मात्र ते पटलं नाही. "नुसती फिरते काय?" ती म्हणाली. "कुठं जात नाय ती, बाबा."

तिनं बापाला पेण स्टेशनवर नेलं. सांधा कसा हलतो ते बघायला ती फलाटाच्या टोकाला दोन तास बसली होती. रूळ जिथं फुटतात तिथं दोन टोकदार पात्या असतात. त्या एकीकडं सरकल्या की गाडी सरळ जाते, दुसरीकडं सरकल्या की बाजूच्या लाइनीवर वळते. घरी येऊन तिनं खडूनं सगळी पडवी रंगवली. खिळा ठोकून, त्याला सुतळी बांधून तिनं वळणं आखली. वळण किती घेतलं की डबा पडत नाही, ते गाडी हातानं ढकलून ढकलून ठरवलं. पात्या हलवायला दारावरच्या टिंगटाँग घंटीतली कॉइल वापरायची, हेही तिच्याच डोक्यातून निघालं. कॉइलमध्ये एक लोखंडी दांडी असते, बटण दाबलं की ती उडते. ती दांडी पात्यांना जोडली की झालं. गुणाजीनं फक्त ती कॉइल कमी दाबाच्या विजेवर चालेल अशी जाड तारेनं भरून दिली.

"टक करून सोडायचं," ती बटणावर बोट ठेवून सगळ्यांना बजावायची. "धरून ठेवलं तर कॉइल जळंल."

आणि चिठ्ठ्याही तिच्याच. एका वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी कुठला तरी जोड सुटला आणि तो शोधण्यात अख्खा दिवस गेला. त्यानंतर अनितानं नियमच केला. रूळ ठोकलेल्या फळीखाली तारेचा जोड केला की त्याला कार्डाची चिठ्ठी बांधायची. कुठून कुठं, काय तारीख, कोणी केला, एवढं लिहायचं आणि वर चिकटपट्टी लावायची. जुना जोड आधी दगा देतो, म्हणून तारीख महत्त्वाची. गुणाजी आधी हसला. मग त्यालाच त्याची इतकी सवय झाली, की धंद्यातल्या प्रत्येक मोटरीलाही तो तारखेची चिठ्ठी बांधू लागला. चिठ्ठीवर खोटी तारीख त्यानं कधी लिहिली नाही.

अनिताचं लग्न झालं ते शहाण्णवच्या मे महिन्यात. मुलगा अष्टमी गावचा, म्हणजे रोह्याहून कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की लगेच. नाव प्रविण, धाटावला कंपनीत शिफ्टला जाणारा, मान खाली घालून बोलणारा भला पोरगा. निघायच्या दिवशी तिनं बापाच्या हातात जुन्या कॅलेंडरचं पान ठेवलं. पाठीमागं पेन्सिलीनं पेण ते रोहा सबंध लाइन आखलेली होती. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. पेणला दोन सांधे, रोह्याला दोन आणि नागोठण्याला दोन, कारण एकेरी लाइनीवर समोरून गाडी आली की एकीला तिथं बाजूला थांबावं लागतं.

"सांधे एकट्यानं करू नको, बाबा," ती म्हणाली. "बाळंतपणाला येईन तेव्हा दोघं करू." आणि आपण काय बोललो ते कळून ती लाजली.

दुसऱ्या वर्षी आषाढात सासरी, अष्टमी गावात, तिची ओटी भरली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय पोटुशी सून सासरहून पाऊल उचलत नाही, ही आमच्याकडची रीत. जोह्याच्या घरात बाईमाणूस नव्हतं, पण शेजारची विमलबाई म्हणाली होती, "घेऊन ये तिला. माझ्या हाताखाली सात बाळंतपणं झालीत." तेव्हा कुठं काही अडत नव्हतं. गुणाजीनं फक्त जायचं आणि तिला आणायचं.

पण ओटी भरून परत येताना गाडीतच त्याच्या डोक्यात किडा वळवळला. पोर येईल, पडवीत पाऊल टाकील, आणि बघते तर तिची सगळी लाइन तयार. ती नुसतं रोह्याचं बटण दाबील आणि गाडी पेणला येईल. तिचं तोंड कसं होईल, हे तो एकटाच हसत डोळ्यांपुढं आणत राहिला. त्याला जगात दुसरं काही नको होतं.

आठ बाय चारची प्लायवूडची फळी आली, पडवीत उंच पायांवर बसली. पेणचे सांधे झाले. अकरा ऑगस्टला पोस्टमननं अनिताचं कार्ड आणून दिलं.

"तीर्थरूप बाबांस नमस्कार. हंगाम आहे हे माहीत आहे. पण जमलं तर नारळी पौर्णिमेच्या आत न्यायला या. पाय फार सुजतात. डोकंही दुखतं. सासूबाई पाठवायला तयार आहेत."

गुणाजीनं कार्ड दोनदा वाचलं. विमलबाईला वाचून दाखवलं.

"सूज येते पहिलटकरणीला," विमलबाई म्हणाली. "पण पोर सवताहून बोलावते ना? मग उद्याच जा. बापूस हायस का कोण?"

"हंगाम हाय," गुणाजी म्हणाला.

हंगाम होता, ते खोटं नव्हतं. हिरामणचे दोन काम्प्रेसर उघडे पडले होते. पण रोहा काही काशीला नाही. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोरीला घेऊन घरात असता. खरं कारण गुणाजीला ठाऊक होतं आणि त्याला त्याची लाज वाटत होती. नागोठण्याचे सांधे लागत नव्हते. पात्या अर्ध्यावर अडकायच्या, डबा घसरायचा, आणि घाईत त्यानंच बटण दाबून धरल्यामुळं एक कॉइल जळली होती. आता ती आली असती तर तिला अर्धवट काम दिसलं असतं. त्यानं त्याच दिवशी उलट कार्ड टाकलं: "आज तुझं कार्ड मिळालं. गणपती झाले की दुसऱ्या दिवशी येतो. काळजी करू नये."

मग तो रोज दुपारी जेवून फळीखाली शिरू लागला. एक जोड, एक चिठ्ठी. विमलबाई दर दोन दिवसांनी कुडाच्या पलीकडून विचारायची, "गेलास का रं?" आणि तो फळीखालून "जातो, जातो" म्हणायचा.

चोवीस तारखेला हिरामणच्या कारखान्यातल्या फोनवर अनिताचा फोन आला. पुलाजवळच्या बूथवरून बोलत होती. मागं गाड्यांचा गोंगाट होता.

"बाबा, कवा येतोस?"

"बारा-तेरा दिवस गो. गणपती झाले की आलोच."

"डोळ्यांपुढं काजव्यासारखं चमकतं रे."

"लोहाच्या गोळ्या घेतेस ना? घेत जा." आणि मग त्याच्यानं राहवलं नाही. "तू ये तर खरी. तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवलीय."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

तीन सप्टेंबरला, परवावर गणपती असताना, सगळं झालं होतं. फक्त रोह्याच्या शेवटच्या सांध्याची एक तार जोडायची राहिली होती. गुणाजी इस्त्रीवर जोड तापवत होता, कारण त्याची सोल्डरिंगची कांडी हिरामणकडं गेली होती, आणि स्वतःवरच खूश होऊन काहीतरी गुणगुणत होता. तेवढ्यात हिरामणच धावत आला. प्रविणचा फोन होता. अनिताला पहाटे झटके आले, दवाखान्यात नेलंय, निघा.

एसटीनं पेण, पेणहून गाडी. कासू गेलं. नागोठण्याला गाडी बाजूच्या लाइनीवर घेतली आणि थांबली. समोरून दुसरी गाडी यायची होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. गुणाजी दारात दांडा धरून उभा होता आणि पुढचा सांधा बघत होता. याच लाइनीच्या मागं त्यानं कार्ड आल्यापासूनचे तेवीस दिवस घालवले होते. समोरची गाडी धडधडत निघून गेली, पात्या सरकल्या, आणि त्याला तिथंच उभ्या उभ्या रडू फुटलं.

अनिता वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अनिताची सासू गोदूबाई भिंतीशी बसली होती. तिनं गुणाजीला बोल लावला नाही, लावला असता तर बरं झालं असतं. "मी सांगत व्हते तिला, डॉक्टरकडं जाऊ," ती म्हणाली. "तर ती बोलली, आज बाबा येतील, पेणला दाखवीन. रोज तेच. आज येतील."

त्या वर्षी घरचा गणपती विमलबाईच्या घरी, तिच्या देवाशेजारी बसला आणि दीड दिवसानं गेला. पंधरा तारखेला गुणाजीनं अनिताला जोह्याला आणलं. आणायच्या आदल्या दिवशी त्यानं फळीवर जुनी चादर टाकली, वर गोण्या रचल्या. फळी मोडून टाकायला पाना उचलला होता, पण हात चालला नाही. तिला हे कळू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. वाटेत गाडीत त्यानं एकदाच विषय काढला.

"हंगाम होता गो," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "हंगाम असतोच." तिनं ते खरं मानलं होतं.

चार दिवस ती झोपून होती. विमलबाई तिला पेज भरवायची. दूध आलेलं, ते पिणारं कोणी नाही, म्हणून छातीला फडकं घट्ट बांधलेलं. गुणाजी उंबऱ्याच्या आत फारसा जात नसे. वीस तारखेला दुपारी तो हिरामणकडून परत आला तेव्हा पडवीत गोण्या बाजूला सारलेल्या होत्या आणि चादर जमिनीवर होती. फळीखालून बॅटरीचा उजेड दिसत होता.

"अनिता?"

"हिकडं हाय, बाबा."

तो वाकला. ती फळीखाली पाय पसरून बसली होती. पायांवरची सूज आता उतरली होती. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातानं ती एकेक चिठ्ठी उलटून बघत होती.

"पेण ते कासू, सहा ऑगस्ट," ती वाचत होती. शाळेत धडा वाचावा तशी. "नागोठणे, बाजूची लाइन, अकरा ऑगस्ट. म्हंजे माझं कार्ड आलं त्या दिवशी. नागोठणे, बारा. तेरा. चौदा. कॉइल बदलली, सोळा." तिनं पुढची चिठ्ठी उलटली. "अठराला नारळी पुनव व्हती. अठराची पण हाय."

"अनिता, बाहेर ये गो."

"चोवीसला मी फोन केला. चोवीसचे तीन जोड हायत." तिनं बॅटरी विझवली. "पेणची गाडी दुपारला येते ना रोह्याला. मी रोज त्या टायमाला चहाचं पाणी एक कप जास्त टाकत व्हते. सासूबाई हसायच्या."

गुणाजी जमिनीवर बसला. तो म्हणाला, "तुझ्यासाठीच करत व्हतो गो."

"व्हय. दिसतं ना." ती फळीच्या खालच्या तारांवरून हात फिरवत म्हणाली. "जोड चांगले झालेत. एक पण ढिला नाय."

त्यानं डोकं फळीच्या कडेवर टेकलं आणि तो मोठ्यानं रडला. ओरड माझ्यावर, शिव्या दे, काय वाटेल ते बोल, असं तो म्हणत होता. ती त्याचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिली. तिनं त्याला शांत केलं नाही आणि त्यानं धरलेला हातही झटकला नाही.

मग तिचं लक्ष वर लोंबणाऱ्या तारेकडं गेलं. "रोह्याची एक राहिलीय."

"त्या दिवशी जोडत व्हतो. तेवढ्यात फोन आला. राहू दे ती."

"कांडी आण."

त्यानं कांडी आणली. जोड तिनं एका दमात केला आणि फुंकर घालून गार केला. फळीच्या कडेला हात देऊन ती उठली, इंजिन आणि दोन डबे रोह्याच्या फलाटाला लावले, आणि रोह्याचं बटण टक करून दाबलं. पात्या सरकल्या. गाडी निघाली. निडी झालं, नागोठण्याला ती न थांबता सरळ गेली, कासू झालं, आणि पेणला येऊन उभी राहिली. मिनिटसुद्धा लागलं नाही.

मग अनितानं कार्डाचा तुकडा मागितला आणि गुडघ्यावर ठेवून चिठ्ठी लिहिली. लिहून त्याच्यापुढं धरली.

"रोहा ते पेण. ११ ऑगस्ट. गुणाजी घरत."

"आज वीस सप्टेंबर हाय गो," गुणाजी म्हणाला. "आन जोड तू केलास."

"माहीत हाय," ती म्हणाली. तिनं खाली वाकून ती चिठ्ठी तारेला बांधली, वर चिकटपट्टी लावली, आणि भिंतीला धरत धरत आत जाऊन झोपली.